हॉवर्ड्स एंड: छत्री ही फक्त छत्री असू शकत नाही का?

अर्धवट_बुकमार्क

एमए इंग्लिशला ई. एम. फॉर्स्टरची हॉवर्ड्स एंड लागलीये, १९१० ची. कादंबरी वाचून झाली, आवडली पण, मार्गारेट तर फारच आवडली. (न वाचलेल्यांसाठी: मार्गारेट, हेलन आणि टिबी ही श्लेगेल भावंडं, हेन्री, त्याची बायको आणि चार्ल्स, ईव्ही ही मुलं म्हणजे श्रीमंत विल्कॉक्स कुटुंब, लिओनार्ड बास्ट हा गरीब कारकून, आणि हॉवर्ड्स एंड हे मिसेस विल्कॉक्सचं घर. त्या वारल्यावर पुढे मार्गारेट हेन्रीशी लग्न करते.) पण आता गाईड उघडलंय आणि त्यात प्रतीकांचा एक तक्ता दिलाय तो बघून डोकं फिरलं. घर म्हणजे इंग्लंड, मोटार म्हणजे यंत्रयुग, छत्री म्हणजे वर्गभेद, गवत म्हणजे निसर्ग, तलवार म्हणजे जर्मनी, पुस्तकांचं कपाट म्हणजे संस्कृती. झालं. हे पाठ करा आणि पेपरात ओका.

मला प्रॉब्लेम असा आहे की वाचताना मला असं काही वाटलंच नाही. हेलन बेथोवनच्या कार्यक्रमातून निघताना चुकून लिओनार्डची छत्री उचलून नेते हे मला एकदम खरं वाटलं, माझी मावशी लग्नातून दुसऱ्याची चप्पल घालून येते तसंच. त्यात वर्गभेद कुठून आला? आणि सगळे जण म्हणतात की कादंबरीचा गाभा 'ओन्ली कनेक्ट' आहे, माणसामाणसांतलं नातं वगैरे, मग या वस्तूंचा त्याच्याशी काय संबंध? की प्राध्यापक लोक उगाच खणत बसतात?

ज्यांनी वाचलीये त्यांनी प्लीज सांगा. नसेल वाचली तर स्पॉयलर भरपूर येतील, आधीच सांगते.

---

गच्चीवरचा_वारा

गाईड आधी रद्दीत टाका.

छत्रीचं सांगतो. ती छत्री हेलनसाठी काहीच नाही, तिच्या घरी अशा चार पडल्या असतील, ती स्वतःच हसत हसत सांगते की मी कायम लोकांच्या छत्र्या चोरते. लिओनार्डसाठी मात्र ती छत्री म्हणजे पैसे आहेत. तो क्वीन्स हॉलमधल्या त्या कार्यक्रमातून मार्गारेटबरोबर चालत येतो, ती बिचारी चित्रकार मोने आणि संगीतकार दबुसीबद्दल बोलतेय, आणि याच्या डोक्यात मागे एकच चालू, माझी छत्री, माझी छत्री. आणि तिने त्याचा पत्ता विचारल्यावर त्याला आधी शंका येते की ह्या बायका मिळून लोकांना लुटत तर नसतील. हा भाग परत वाचा. मग घरी गेल्यावर हेलन सगळ्यांसमोर ती छत्री उघडून बघते, शिवणीवर उसवलेली, आणि म्हणते, किती भयंकर छत्री, ही माझीच असणार! नेमकी ती त्याची निघते. तो ती घेतो, चहाला वगैरे थांबत नाही, निघून जातो.

आता सांगा, यात लेखकाने कुठे "बघा हं, वर्गभेद" असा बोर्ड लावलाय? काहीच नाही. फक्त एकाला कला परवडते कारण त्याला छत्रीची काळजी नाही, आणि दुसऱ्याला परवडत नाही. तेवढंच. मार्गारेटला हे पुढे कळतं पण, ती सरळ म्हणते की आपण लोक पैशाच्या बेटांवर उभे आहोत आणि खाली समुद्र आहे, मी वर्षाला ६०० पौंडांवर उभी आहे, हेलन तेवढ्यावरच, टिबी ८०० वर उभा राहील. त्या काळातल्या किती कादंबऱ्यांतल्या नायिका असा आकडा स्वतःहून सांगतात?

आणि छत्रीबद्दल सगळ्यात भारी टोमणा लेखिका कॅथरीन मॅन्सफील्डचा आहे, तिने डायरीत लिहून ठेवलंय की हेलनला मूल लिओनार्डपासून झालं की त्या छत्रीपासून हे मला कधीच नीट कळलेलं नाही :) तिला ते प्रकरण अजिबात पटलेलं नव्हतं.

---

सायलेंट_रीडर

पहिल्यांदाच प्रतिसाद देतेय कारण ही कादंबरी माझी फेव्हरेट.

मला गवताबद्दल लिहायचंय. 'गवत म्हणजे निसर्ग' हे वाचून हसूच आलं. हेलनचं पहिलं पत्र आठवा, कादंबरी त्या पत्रांनीच सुरू होते. सकाळी सकाळी मिसेस विल्कॉक्स लांब झगा ओल्या गवतावरून फरफटवत बागेत फिरतायत आणि आदल्या दिवशी कापलेलं गवत हातात घेऊन त्याचा वास घेतायत. मग चार्ल्स क्रोकेची प्रॅक्टिस करायला येतो, शिंकतो, आत जातो. मग मिस्टर विल्कॉक्स येतात, शिंकतात, आत. मग ईव्ही झाडाला अडकवलेल्या व्यायामाच्या यंत्रावर काहीतरी करते, तीही शिंकते आणि आत. आणि मिसेस विल्कॉक्स परत येतात, अजून गवताचा वास घेतच. अक्षरशः विनोदी सीन आहे! त्यांच्या घरातल्या सगळ्यांना गवताची ॲलर्जी, फक्त ज्या बाईचं ते घर आहे तिला नाही.

यात निसर्गबिसर्ग काही सांगितलेलं नाही, फक्त कोण शिंकतं आणि कोण शिंकत नाही एवढं दाखवलंय. आणि मग शेवटचं प्रकरण बघा. विल्कॉक्स मंडळी घरात दारं लावून बसलीयेत इस्टेटीचं बोलायला, हेन्रीला ॲलर्जीचा त्रास होतोय, आणि हेलन बाहेरून धावत येते, एका हाताला शेजारचा टॉम आणि कडेवर बाळ, आणि ओरडते की शेत कापून झालं, असं पीक कधीच आलं नव्हतं. कादंबरी तिथेच संपते.

पण एक गंमत आहे. टिबीलाही हाच त्रास आहे! तो तर श्लेगेल, म्हणजे 'चांगल्या' बाजूचा. मार्गारेट सुरुवातीला हेलनबरोबर गेली नाही ती टिबीच्या याच आजारपणामुळे. म्हणजे फॉर्स्टरने स्वतःच आपल्या तक्त्यात एक खोडी करून ठेवलीये. टिबी पुस्तकं वाचतो, ऑक्सफर्डला जातो, चायनीज शिकतो, आणि त्याला कोणाचंच काही पडलेलं नसतं. माझ्या मते म्हणूनच त्याला शिंका दिल्या आहेत, पण हे माझं मत.

---

चष्मा_विसरलो

सायलेंट_रीडर, टिबीचा मुद्दा एक नंबर, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

पण मी थोडा वेगळ्या बाजूने येतो. मूळ प्रश्न होता की प्राध्यापक लोक उगाच खणतात का. अहो हा प्रश्न कादंबरीतच विचारलाय, पाचव्या प्रकरणात, आणि उत्तरही तिथेच आहे.

बेथोवनची पाचवी सिंफनी चालू आहे. मावशी ज्युलीला ताल धरायचाय पण लोक बघतील म्हणून गुपचूप. हेलनला त्यात वीर दिसतात, जहाजं बुडताना दिसतात, आणि मग ते गॉब्लिन्स, भुतं म्हणा, शांतपणे जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाणारी. मार्गारेटला फक्त संगीत ऐकू येतं. टिबीच्या मांडीवर स्वरलिपी उघडी आणि तो ड्रमच्या एका जागेची वाट बघतोय. जर्मन कझिन फ्रीडाला आठवतं की बेथोवन आमचा, अस्सल जर्मन. एकच संगीत आणि प्रत्येकाचं वेगळं. आणि बाहेर पडल्यावर मार्गारेट लिओनार्डला वैतागून सांगते की हेलन प्रत्येक सुराचं चित्र करते आणि प्रत्येक चित्राचं संगीत, मग कलांमध्ये फरक तरी काय राहिला! म्हणजे प्रतीकं शोधणाऱ्या वाचकाची थट्टा लेखकाने तेव्हाच करून ठेवलीये, तुमच्या गाईडच्या आधी कित्येक वर्षं.

आणि आता हे पुढे न्या. हेलनची ही सवय फक्त संगीतापुरती राहत नाही, ती माणसांचंही तेच करते. लिओनार्ड एक दिवस येतो आणि सांगतो की मी रात्रभर चालत होतो, लंडनच्या बाहेर, रानातून. दोघी बहिणी खूश, पुस्तकात असतं तसं झालं. मग हेलन विचारते, पहाट अप्रतिम होती ना? आणि तो म्हणतो, नाही. राखाडी होती, दमलो होतो, भूक लागली होती, थंडी वाजत होती. त्या पुस्तकातला सर्वात प्रामाणिक शब्द तो 'नाही' आहे असं मला वाटतं. एका माणसाने पहाटेला प्रतीक व्हायला नकार दिला. त्या दोघींना तो 'नाही' इतका आवडतो की त्या लगेच त्याचंच प्रतीक करून टाकतात!! साहसी कारकून, आत्मा असलेला सामान्य माणूस.

तिथून त्याची वाट लागते ना. हेन्री विल्कॉक्स सहज बोलून जातो की पॉर्फिरियन इन्शुरन्स कंपनी बुडणार आहे, या दोघी त्याला नोकरी सोडायला लावतात, तो कमी पगारावर एका बँकेत लागतो, तिथून काढला जातो, आणि पॉर्फिरियन कंपनी मस्त चालू राहते. हेन्री सहज म्हणतो, असं म्हणालो होतो का मी? मग हेलन चिडून लिओनार्ड आणि त्याची बायको जॅकी दोघांना ईव्हीच्या लग्नात घेऊन जाते, श्रॉपशरला, उपाशी अवस्थेत, कारण तिला हेन्रीला दाखवून द्यायचं असतं. ती त्यांना पुरावा म्हणून नेते. त्या क्षणी तो तिच्यासाठी माणूस नाही, 'अन्याय' आहे. आणि मग जॅकी हेन्रीला ओळखते, कारण पूर्वी सायप्रसला ती त्याची रखेल होती, वगैरे ते सगळं रामायण.

नंतर हेलनला वाईट वाटतं आणि ती टिबीच्या हातून त्याला ५००० पौंड पाठवते. तो नाकारतो. बास्ट मंडळी भाडं थकलं म्हणून घरातून निघालेली, आणि हेलन ते पैसे परत गुंतवते आणि ब्रोकरच्या सल्ल्यामुळे पहिल्यापेक्षा थोडी जास्तच श्रीमंत होते. लेखक हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. मला ते वाक्य वाचून पोटात गोळा येतो.

---

रात्रपाळी

हे सगळं छान आहे पण कोणीतरी उलटं बोलायला पाहिजे म्हणून मी बोलतो.

लिओनार्ड कसा मरतो? चार्ल्स श्लेगेलांच्या बापाची जर्मन तलवार उचलून तिच्या सपाट बाजूने मारतो, लिओनार्ड पुस्तकांच्या कपाटाला धरतो, कपाट अंगावर, वरून पुस्तकांचा पाऊस. मरतो हृदयविकाराने पण पुस्तकांखाली. ज्या संस्कृतीमागे बिचारा आयुष्यभर धावला, कलासमीक्षक रस्किन वाचत बसला त्या तळघरातल्या खोलीत, तीच त्याच्या अंगावर कोसळली. हो, कळलं आम्हाला! इथे लेखकाने बोर्ड लावलाय की नाही? मोठ्या अक्षरात लावलाय. हे वाचताना मला त्या माणसाचं दुःख न होता लेखकाची मांडणी दिसली. चष्मा_विसरलो म्हणतात की हेलनने लिओनार्डला प्रतीक केलं हा तिचा गुन्हा. मग फॉर्स्टरचं काय? त्याने तर त्याला मारलंच प्रतीकाने. आणि मग त्याचं मूल घराचं वारस, म्हणजे इंग्लंडचा वारस वरचा वर्ग आणि खालचा वर्ग मिळून. समीक्षक लायनेल ट्रिलिंगने १९४३ साली हेच सांगितलं होतं की ही कादंबरी विचारते इंग्लंड कोणाकडे जाणार. उत्तर सुंदर, फक्त बाप मेलेला पाहिजे.

आणि एक, हाच लेखक सुरुवातीला म्हणतो की अगदी गरिबांशी आमचा संबंध नाही, ते फक्त आकडेवारीवाल्यांसाठी किंवा कवींसाठी. लोक म्हणतात हा उपरोध आहे. असेल. मला पूर्ण उपरोध वाटत नाही.

जॅकीबद्दल तर कोणी बोलतच नाही. ती शेवटी कुठे गेली?

---

सायलेंट_रीडर

रात्रपाळी, जॅकीबद्दल शंभर टक्के सहमत. कनेक्टच्या एवढ्या गप्पा आणि तिच्याशी कोणीच कनेक्ट करत नाही, मार्गारेटसुद्धा नाही. हेन्रीने सायप्रसला तिच्याबरोबर जे केलं ते मार्गारेट माफ करते, पण जॅकीला काय मिळालं? काही नाही.

कपाटाबद्दल मात्र मी थोडी लेखकाच्या बाजूने. ती पुस्तकं तिथे कशी आली ते बघा ना. श्लेगेलांचं लंडनमधलं विकम प्लेसचं घर पाडून तिथे फ्लॅट होणार म्हणून श्लेगेलांचं सामान हॉवर्ड्स एंडला फक्त ठेवायला पाठवलेलं. मिस एव्हरी, ती शेजारची म्हातारी, कोणाला न विचारता सगळं उघडून मांडून टाकते, गालिचा, पुस्तकं, तलवार भिंतीवर. आणि सगळं फिट बसतं! मार्गारेट रागावते आधी. मग जे माणसांना जमलं नाही ते सामानाने करून ठेवलंय असं दिसतं. त्याच मांडणीने पुढे एकाचा जीव जातो. म्हणजे ते आभाळातून पडलेलं प्रतीक नाही, त्याला कारण आहे. जरा जास्त झालंय हे मान्य.

---

स्टीवनेजकर

नमस्कार मंडळी, धागा बघून राहवलं नाही. आम्ही स्टीवनेजला राहतो, हर्टफर्डशरमध्ये, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे. हॉवर्ड्स एंड ज्या घरावरून घेतलंय ते रूक्स नेस्ट इथेच आहे, फॉर्स्टर लहानपणी १८८३ ते १८९३ आईबरोबर तिथे राहायचा. खाजगी घर आहे त्यामुळे आत जाता येत नाही, पण सेंट निकोलस चर्चच्या मागून शेतातून चालत जाता येतं, त्या भागाला लोक फॉर्स्टर कंट्री म्हणतात. त्या घरात पूर्वी खरंच हॉवर्ड नावाचं कुटुंब राहायचं, नाव तिथूनच.

कादंबरीत शेवटी हेलन म्हणते ना की लंडन सरपटत येतंय, आठ-नऊ शेतांपलीकडे लाल गंज दिसतो. १९४६ मध्ये स्टीवनेज ही इंग्लंडमधली पहिली न्यू टाऊन, म्हणजे सरकारने आखून वसवलेलं शहर, जाहीर झाली, फॉर्स्टरने विरोध केला होता. आम्ही राहतो ते घर त्याच टाऊनमधलं, म्हणजे आम्हीच तो गंज :D आणि अलीकडे त्या शेतांच्या काही भागावरही नवीन घरं मंजूर झालीत, इथे लोकांनी बरंच आंदोलन केलं. माझं मन दोन्हीकडे जातं, कारण लोकांना घरं पण हवीतच.

सहा टेकड्या आठवतात का? मार्गारेट येता-जाता बघते त्या, ज्यांच्याखाली सैनिक पुरलेत असं ती ठरवून टाकते. त्या खऱ्या आहेत, सिक्स हिल्स, रोमन काळातल्या दफनाच्या आहेत आणि आता गावाच्या मधोमध रस्त्याला लागून आहेत, बाजूने ट्रॅफिक चालू. मुलं त्यांच्यावरून घसरतात. शेवटी हेन्री पूर्ण मोडतो, चार्ल्सला अटक होणार हे मार्गारेटला सांगतो, तेव्हा ती दोघं तिथेच गवतावर बसलेली असतात आणि तिच्या बोटांखाली टेकडी जिवंत असल्यासारखी हलते. गाईडवाल्यांना ही दिसली नाही वाटतं.

---

गच्चीवरचा_वारा

स्टीवनेजकर, फोटो टाका ना प्लीज, टेकड्यांचे. घराचा नको, लोक राहतात तिथे.

मोटारीचं राहिलं. श्रॉपशरला जाताना गाडीखाली एका मुलीचं मांजर येतं, चार्ल्स वगैरे म्हणतात थांबायची गरज नाही, मागची गाडी बघून घेईल, पैसे देऊन टाकतील. मार्गारेट चालत्या गाडीतून उडी मारते, हात सोलवटतो. यंत्रयुग वगैरे ठीक आहे, पण मुद्दा थांबण्याचा आहे. विल्कॉक्स मंडळी कधी थांबत नाहीत, आणि काही झालं तर नुकसानभरपाई देतात. मिसेस विल्कॉक्स वारल्यावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी येते, हॉवर्ड्स एंड मार्गारेटला द्यावं, सही नाही तारीख नाही, ती यांनी जाळूनच टाकली. तेव्हाही मीटिंग घेतली होती, मुद्देसूद. लेखक म्हणतो तसं पाहिलं तर कायद्याने त्यांचं चुकलं नाही.

---

देवासचा_जावई

थोडं अवांतर, पण मराठी माणसांना सांगण्यासारखं. हॉवर्ड्स एंडनंतर फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये भारतात आला आणि नंतर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी सचिव म्हणून राहिला. मराठी संस्थान! तिथली गोकुळाष्टमी त्याने फार मजेशीर आणि फार प्रेमाने लिहिलीये, १९५३ मध्ये त्या पत्रांचं पुस्तक आलं. त्यामुळे हॉवर्ड्स एंडमध्ये भारतीय तत्त्वज्ञान शोधणारे जे लेख येतात त्यांनी तारखा बघाव्यात, तेव्हा तो इथे आलेलाच नव्हता. उलट असं म्हणा की मिसेस विल्कॉक्स जी पाव पुस्तकातच मरूनही घरभर राहते, तिचीच पुढची आवृत्ती म्हणजे त्याच्या 'अ पॅसेज टू इंडिया' या भारतावरच्या कादंबरीतली मिसेस मूर.

सिनेमा पण बघा, १९९२ चा. निर्माता इस्माईल मर्चंट, जन्म मुंबईचा. पटकथेसाठी रूथ झाबवालांना ऑस्कर आणि मार्गारेटच्या भूमिकेसाठी एमा थॉम्प्सनला पण. कपाटाचा सीन पडद्यावर पुस्तकापेक्षा बरा वाटतो, कारण पुस्तकं नुसती पडताना दिसतात, कोणी काही समजावत नाही.

---

अर्धवट_बुकमार्क

बापरे, एवढं! सगळ्यांना खूप धन्यवाद, टिबीच्या शिंका तर मी पेपरात घालणारच.

माझ्या डोक्यात आता असं येतंय की या पुस्तकातल्या वस्तू कायम चुकीच्या हातात जातात. छत्री हेलनकडे, चिठ्ठी विल्कॉक्सकडे. मार्गारेटचं नाव-पत्त्याचं कार्ड लिओनार्ड बुकमार्क म्हणून वापरतो आणि ते जॅकीच्या हाती लागतं, ती नवऱ्याला शोधत श्लेगेलांच्या दारात. तलवार चार्ल्सच्या हातात. आणि घर मात्र फिरून फिरून मार्गारेटकडेच येतं, तेही कोणी ठरवून नाही, आणि चार्ल्सची बायको डॉली नको तेव्हा बोलून जाते म्हणून तिला कळतं की हे आधीच तिला दिलेलं होतं. असं लिहिलं तर चालेल का? आणि हेन्री आणि मार्गारेटचं नातं 'कनेक्ट' झालं असं म्हणायचं की नाही?

---

चष्मा_विसरलो

चालेल काय, पळेल. फक्त 'वस्तू माणसांना जोडतात' असं गोड वाक्य लिहू नका, कारण जोडल्या गेलेल्यांपैकी एक मरतो आणि एक तीन वर्षं तुरुंगात जातो.

हेन्रीबद्दल २२ वं प्रकरण वाचा, 'ओन्ली कनेक्ट'चं पूर्ण प्रवचन तिथे आहे, गद्य आणि भावना जोडा, तुकड्यातुकड्यांत जगू नका. आणि लगेच पुढे लेखक सांगतो की ती हरली, कारण हेन्रीला आजूबाजूचं काही दिसायचंच नाही. शेवटी तो बदलला की नुसता मोडला, यावर मी आणि माझी बायको अजून भांडतो. ती म्हणते बदलला. परीक्षेसाठी ५, १४, २२, २५, २६ आणि ४१ परत वाचा, एकूण ४४ आहेत त्यामुळे फार नाही.

---

रात्रपाळी

मोडला. आणि ४० पण वाचा, झाडाखाली दोघी बहिणी बोलतात ते. त्या झाडाच्या खोडात डुकराचे दात ठोकलेत आणि साल चावली की दातदुखी जाते म्हणतात, ते तुमच्या तक्त्यात कुठे बसतंय बघा.